दिल्ली पाहावी मेट्रोने

दिल्लीला जायचे म्हटले की आपल्या कष्टकरी कुटुंबांत पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. रेल्वेचे भाडे कसेबसे जमते. पण स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच वाहनवाले गराडा घालतात. हातात बोचकी आणि बोलण्यात मराठी वळण, नवखा माणूस लगेच ओळखू येतो. मग तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो आणि वर्षभर साठवलेली पुंजी पहिल्याच दिवशी अर्धी होते. म्हणून बंधुभगिनींनो, आम्ही सांगतो, दिल्लीत मेट्रो धरावी.

२००२ साली सुरू झालेली ही रेल्वे आज शहरभर पसरली आहे. ऑगस्ट २०२५ च्या दरवाढीनंतर किमान भाडे ११ रुपये आणि विमानतळाची मार्गिका सोडल्यास कमाल ६४ रुपये झाले. म्हणजे चौघांना लांबात लांब खेपेलाही २५६ रुपयेच. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही. पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. मार्गिकांना रंग दिलेले आहेत, त्यामुळे आजीला अक्षर आले नाही तरी रंग कळतो.

नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या अजमेरी गेट बाजूला मेट्रो आहे. तेथून समयपूर बादलीकडे जाणारी पिवळ्या मार्गिकेची गाडी घ्यावी. चौथे स्थानक सिव्हिल लाइन्स. जवळच २६, अलीपूर रोड. येथेच ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २०१८ साली येथे उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. परतताना एक स्थानक मागे काश्मिरी गेटला उतरून जांभळी मार्गिका धरावी. पहिले स्थानक लाल किल्ला. तो सोमवारी बंद असतो. तिसरे दिल्ली गेट. तेथून जवळ फिरोजशाह कोटल्यात सम्राट अशोकाचा स्तंभ आजही उभा आहे.

दोन गोष्टी घरूनच ठरवून निघावे. तिकीट बाहेर पडेपर्यंत जपावे, कारण त्याशिवाय फाटक उघडत नाही. आणि गर्दीत कुणी फलाटावर राहिलेच, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून थांबावे व मागच्याने पुढची गाडी धरून तेथे यावे. मुलांकडून हे पाठ करून घ्यावे.

गाडीखर्चात वाचलेल्या पैशांतून मुलांना एखादे चांगले पुस्तक घ्यावे. सहलीची ती खरी कमाई!