ऐकायला बसायचं कुठे?

ईदला धाकटा भाऊ कुवेतहून आला तेव्हा त्याच्या सामानात दोन स्पीकर होते. अब्बांच्या कव्वालीच्या कॅसेटी बुरशी लागून कधीच गेल्या, पण ते सगळं गाणं आता मोबाइलवर मिळतं. तेव्हा पडवीलगतची दहा बाय बाराची खोली रिकामी करून तिथे ऐकण्याची बैठक करायची असं ठरलं. सकाळी तिलावत, जुम्म्याला नात, रात्री जेवणं उरकल्यावर गझल नाहीतर कव्वाली. (संगीत ऐकावं की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि काही वाचकांच्या घरी ते चालत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी पुढचं सगळं तिलावत आणि बयान ऐकण्यासाठी म्हणून वाचावं. कान तेच आहेत.)

बसायचं कशावर, यावरून घरात चार मतं झाली. भावाला मागे रेलता येणारा मोठा सोफा हवा होता. मुलांना गोळ्यांची पोती हवी होती, ज्यांत माणूस बसत नाही, बुडतो. आम्हाला गादी, लोड, तक्के असा जुना थाट हवा होता. शेवटी भावाचं ऐकलं आणि रेक्झीनचा सोफा आला. अम्मांना कुणी विचारलंच नाही. त्या शहात्तर वर्षांच्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, आणि सोफ्यात बसल्या तर उठवायला दोघं लागतात. म्हणून दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या बसायच्या.

आठवड्याभरात त्यांनी येणंच बंद केलं. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही ऐका रे. मला आवाज येतो, बोल समजत नाहीत." आम्ही आवाज वाढवला. तर म्हणाल्या, "आता कान दुखतात, आणि बोल तरीही समजत नाहीत."

पहिल्यांदा कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. आधी सोफा आणि मग डॉक्टर, हा क्रम आमचा चुकलाच. त्यांनी समजावलं की वयाबरोबर आधी वरचे, बारीक स्वर ऐकू येईनासे होतात. स, श, त, ठ, फ ही व्यंजनं त्या वरच्या पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशा कानांना मोठा आवाज उलट जास्त बोचतो.

मग आम्ही शिक्षकी उपाय केला, श्रुतलेखनाचा. मोबाइलवर बारा शब्द रेकॉर्ड केले: सात, साठ, हात, आठ, पाट, ताट असे कानाला फसवणारे. ते स्पीकरवर लावून अम्मांना वेगवेगळ्या जागी बसवलं आणि ऐकलेला शब्द परत म्हणायला सांगितलं. दाराशी बारापैकी पाच बरोबर आले. सोफ्यात सात. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, मधोमध, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ठेवून बसवलं तेव्हा दहा. आवाज तिन्ही वेळा तेवढाच होता. शेवटच्या बाकावरचं मूल 'ढ' नसतं, हे वर्गात वीस वर्षं सांगत आलो, आणि घरात विसरलो.

कारणं साधी आहेत. जाड आवाज खोलीभर पसरतो, बारीक आवाज मात्र बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. स्पीकरमध्ये वरची छोटी गोल पडदी असते, बारीक आवाज तिथून निघतो. ती कानाच्या पातळीत हवी. आम्ही टेप लावून मोजलं: गादीवर मांडी घातली की कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो, खुर्चीवर बसलं की साधारण साडेतीन फुटांवर. फरक एका फुटाचा, पण झोत चुकवायला तेवढा पुरतो. अंतराचंही तसंच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज मिसळल्याने तो इतका उतरत नाही, पण त्या परतलेल्या आवाजानेच शब्द पुसट होतात. आमच्या जुन्या घराला सारवलेली जमीन आणि वर कौलं होती. आता खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर खोली उलट टाळी देत होती.

सोफ्याचा दोष वेगळाच. त्याची पाठ डोक्याच्याही वर जाते आणि रेक्झीनवरून आवाज थेट कानामागे आदळतो. शिवाय तो भिंतीला चिकटवून ठेवला होता, आणि भिंतीलगत जाड आवाज घुमतो. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या फोमला कोंदट वासही सुटला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ज्याला वारा लागत नाही ते सगळं कुजतं, हे रत्नागिरीत राहणाऱ्याला दुकानदाराने सांगायला नको होतं.

आता माळ्यावरून अब्बांची सागवानी खुर्ची काढली आहे. हातांची, पाठ खांद्यापर्यंतच येणारी. वेत नव्याने विणून घेतला, वर कापसाची पातळ गादी घातली. बैठक सतरा इंच उंच, त्यामुळे पाय जमिनीला टेकतात आणि हातांवर जोर देऊन अम्मा एकट्या उठतात. स्पीकर टीव्हीच्या बुटक्या कपाटावर होते, ते उचलून बांधकामातून उरलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवले. दोघांत सहा फूट अंतर, आणि प्रत्येकापासून खुर्चीही सहा फूट. खुर्चीच्या मागे चार फूट मोकळे सोडले. खाली जाड सतरंजी, मागच्या भिंतीवर गोधडी. टाळी आता मुकाट असते. दोन्ही बाजूंना मुलांसाठी गाद्या आहेत, त्यांच्या कानांना फूटभर इकडेतिकडे चालतं. तिलावत सुरू झाली की लोळणाऱ्यांनी उठून बसायचं, एवढाच नियम. सोफा भावाच्या खोलीत गेला.

खरी अडचण निघाली ती वेगळीच. अम्मा त्या खुर्चीत बसेनात. "मी मधोमध कशी बसू? कुणी आलं तर?" त्यांचं सगळं ऐकणं दाराआडून झालेलं. रेडिओ ओटीवर, पुरुषमंडळी ओटीवर, बायका माजघरात. रेडिओ सिलोनवर 1952 साली 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज घरोघर यायचा. अम्मांनी तो अर्ध्या उघड्या दारातून ऐकला. तेव्हा त्यात त्यांचं फारसं नुकसान नव्हतं. एकच कर्णा, एकच आवाज, कुठेही बसा, आणि कानही तरुण. दोन स्पीकर आले की खोलीत चांगली जागा एकच उरते, आणि ती कुणाची हे ठरवावं लागतं.

मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उर्साच्या वेळी गाणं होतं. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ तिथेच दफन आहेत. श्रोते जमिनीवर बसतात, ज्याला जिथे मिळेल तिथे. आम्ही अम्मांना तिथलं सांगितलं, पटलं नाही. मग आम्ही पुस्तकाकडे वळलो. इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये जुनैद बगदादींचं म्हणणं दिलं आहे की समाला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. अम्मा म्हणाल्या, "वेळ आहे, सोबती तुम्ही आहात." आणि खुर्चीकडे बघत राहिल्या. त्या दिवशीही बसल्या नाहीत. दोन दिवसांनी आम्ही शाळेतून आलो तर एकट्याच बसलेल्या, नातवाला मोबाइल लावायला सांगून.

त्या रात्री लहानपणापासूनची त्यांची आवडती नात लागली. मध्येच हात वर करून त्यांनी थांबवायला सांगितलं, तीच ओळ दोनदा लावून घेतली. त्यातला एक शब्द माजघरातून ऐकताना त्यांनी चुकीचा उचलला होता, आम्हालाही तोच शिकवला होता, आणि उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला ते कधी जाणवलं नव्हतं. "साठ वर्षं हेच म्हणत आले," असं म्हणून त्या बराच वेळ हसत होत्या.

सकाळी स्वयंपाकघरात त्या तीच नात गुणगुणत होत्या, जुन्याच शब्दासह.