दोन ऑलिम्पिक हुकलेले सर

माईक बॉइटबद्दल जे काही वाचायला मिळतं त्याचा सूर बहुतेक वेळा हळहळीचा असतो. 'बिचाऱ्याचं नशीबच फुटकं!' मला हा सूर फारसा पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माईक बॉइट केनियाचा. शर्यत ८०० मीटरची, म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. ऐकायला सोपं, पण यात धड सुसाट पळून चालत नाही आणि दम राखून बसूनही चालत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये त्याला ब्राँझ मिळालं. (डोक्यावर टोपी घातलेला तो अमेरिकन डेव्ह वॉटल सगळ्यात मागून येऊन जिंकला, तीच शर्यत.)

पुढचं १९७६ चं माँट्रियल ऑलिम्पिक बॉइटचं होणार असं अनेकांना वाटत होतं. पण न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला, म्हणून आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला आणि केनियाही त्यात होता. तिकडे क्यूबाच्या हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम करून सोनं नेलं. महिनाभरातच बर्लिनला बॉइट धावला. वेळ? १ मिनिट ४३.५७ सेकंद! सात शतांश सेकंदांचा फरक... टाळी वाजवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मग आलं १९८० चं मॉस्को. तिथेही बहिष्कार, या वेळी अफगाणिस्तानवरून. पुन्हा केनिया घरी. १९७८ मध्ये एडमंटनला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सोनं जिंकलं होतं, पण ऑलिम्पिक ते ऑलिम्पिक.

हळहळ इथवरची. पण या सगळ्या वर्षांत हा माणूस शिकतही होता, ते कोणी फारसं सांगत नाही. धावण्याच्या जोरावर तो अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विद्यापीठात गेला, मग स्टॅनफर्ड, मग ओरेगनमध्ये डॉक्टरेट. १९८१ मध्ये ब्रुसेल्सला सेबॅस्टियन को ने मैलाचा विश्वविक्रम केला, तेव्हा दुसरा आलेला बॉइट बत्तीस वर्षांचा होता. पुढे मायदेशी परतून तो केन्याटा विद्यापीठात क्रीडाशास्त्राचा प्राध्यापक झाला. मध्यंतरी देशाचा क्रीडा आयुक्तही होता.

आता ही प्राध्यापकी पदकाची भरपाई म्हणून सांगितली जाते ना, तिथे माझं भांडण आहे. पदक गेलं ते गेलंच, त्याची भरपाई नाही. सरकारांच्या भांडणात एका माणसाच्या उमेदीची वर्षं गेली, हे गोड करून सांगू नये. (वर्णद्वेषाविरुद्धचा तो बहिष्कार मला चुकीचा वाटत नाही, हेही सांगून टाकतो. किंमत मात्र धावपटूंनी मोजली.) पण शिकवणं हे हरलेल्याचं काम आहे, हे कोणी ठरवलं?

आपल्याकडे तर दोन टोकं. दहावी आली की स्पाइक्स माळ्यावर, नाहीतर पोरगं 'खेळात वाया गेलं'. एकाच माणसाने दोन्ही नीट करावं असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. आणि पी.टी.चे सर म्हणजे कोण, तर ज्यांचा तास गणिताच्या बाई हक्काने मागून घेतात ते! ते सर तरुणपणी काय धावत होते, कुठवर पोचले होते, हे आपण कधी विचारलं का?

मंडळी, तुमच्या शाळेतले पी.टी.चे सर आठवत असतील तर जरूर सांगा. त्यांचा खेळ कोणता होता तेही.