एक संगणक, दोन प्रणाली

घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी माणसे आमच्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात नित्य आढळतात. एका जिभेवर दोन भाषा सुखाने नांदतात. मग एका संगणकात विंडोज आणि लिनक्स या दोन कार्यप्रणाली नांदल्या, तर नवल ते कसले? वडिलांचा हिशेब एकीवर, मुलांचा अभ्यास दुसरीवर, ही वाटणी सोयीचीच आहे. परंतु एखाद्या सकाळी लिनक्स दिसेनासे होते, किंवा काळ्या पडद्यावर अगम्य ओळ उमटते. तेव्हा ‘सारे पुसून नव्याने भरा’ असा सल्ला हटकून मिळतो. आमच्या मते हा सल्ला रोगापेक्षा भयंकर आहे.

विद्यार्थिमित्रहो, संगणक सुरू होताच प्रथम फर्मवेअर जागे होते; जुन्या यंत्रांत त्यास बायोस, तर नव्यांत यूईएफआय म्हणतात. ते ‘ग्रब’ नावाच्या लहानशा प्रोग्रामास हाक मारते आणि ग्रब आपणांस विचारतो, ‘कोणती प्रणाली हवी?’ विंडोज पुन्हा भरल्यास पुष्कळदा हाकेचा क्रम बदलतो व ग्रब मागे पडतो. देवडीवरचा पहारेकरी बदलला म्हणून घर लुटले गेले, असे थोडेच आहे! आतील सामान बहुधा जागच्या जागी असते. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम पूर्ववत करावा. तेवढ्याने न भागल्यास लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ग्रब पुन्हा बसवावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर जगभर अनेक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरू होईना. तेथेही डिस्क पुसण्याचे कारण नव्हते. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये शिरता येत होते. पुढे मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो दोष दूर केला.

मात्र दुरुस्तीपूर्वी दक्षता हवीच. महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी. बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच वहीत उतरून ठेवावी. ती हरवली, तर आतील ठेवा कायमचा गेला म्हणून समजावे.

ज्या घरी एकच संगणक, त्या घरी मुलांच्या वर्षभराच्या टिपणांपासून वडिलांच्या हिशेबापर्यंत सारे त्यातच असते. पुसणे क्षणाचे काम आहे. गेलेले परत आणणे मात्र क्वचितच साधते. म्हणून पडद्यावरील ओळ प्रथम शांतपणे वाचावी, तिचा अर्थ समजून घ्यावा आणि मगच हात घालावा. आधी निदान, मग औषध, हा वैद्याचा नियम यंत्रासही लागू आहे.