घोड्याचा गुडघा आणि जनरलचा डबा

मी गोदीत माल वाहतो. गाव बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया. गावाला १९१७ साली इंग्रजानं बांधलेलं धरण आहे. आता लोक तिथं पक्षी बघायला येतात. पक्ष्यांना तिकीट लागत नाही. आम्हाला लागतं. मेल्यावरही लागतं.

ही गोष्ट त्या तिकिटाचीच, पण सुरुवात घोड्यापासून करावी लागते.

कलकत्त्याची खिदिरपूर गोदी. सरकारी. हमाल आगबोटीच्या धुराड्याचं अवजड लोखंड वाहून नेत होते. एका बोट कंपनीची घोडागाडी आली, गाडीवान ओरडला. पुढचे हमाल एका बाजूला सरले, मागचे दुसऱ्या. ओझं सुटलं. दणक्यानं घोडे उधळले, एकाच्या गुडघ्याला लागलं. कंपनीनं सरकारवर ३५० रुपयांचा दावा ठोकला आणि १८६१ साली जिंकला. गोदी चालवणं हे राजाचं काम नव्हे, तो धंदा. धंद्यात नुकसान केलं तर सरकारनंही भरावं, असा निकाल. निकाल बरोबरच आहे. सरकारवरच्या दाव्याचा वाद निघाला की वकील आजही हाच खटला काढतात. पण मी गोदीतला माणूस, मले दुसरंच दिसते. ते लोखंड हमालांच्या पायावर पडलं का? त्या दिवसाचा रोज कापला का? हा प्रश्न खटल्यात नव्हताच. दावा घोड्याचा होता. हमाल त्यात एकाच नावानं आहेत : हलगर्जी.

सरकारवर दावा करायच्या कायद्याच्या पहिल्या पानावर आपला बाप असा उभा आहे, दोस्तांनो.

गोदी जसा धंदा, तशी रेल्वेही. रेल्वेवरच्या दाव्यांसाठी संसदेनं १९८७ साली वेगळा कायदा केला आणि ८ नोव्हेंबर १९८९ पासून रेल्वे दावा न्यायाधिकरण सुरू झालं. हरवलेला माल, भाड्याचा परतावा, मेलेला माणूस, सगळं एकाच दारात. बाकीच्या कोर्टांचं दार या दाव्यांना बंद. आमच्याकडचं खंडपीठ नागपूरला. खंडपीठात दोघं बसतात, एक न्यायिक सदस्य, एक तांत्रिक. तांत्रिक म्हणजे रेल्वेचे दावे आणि व्यापारी व्यवहार जाणणारा. हे ज्ञान माणूस कुठून आणणार? रेल्वेच्याच नोकरीतून! तक्रार मुकादमाची, आणि निवाड्याला बसलेल्या दोघांत एक जुना मुकादम. आमच्या गोदीत असं कुणी सुचवलं तर पोरं हसतील.

कायदा मात्र वाईट नाही, हे कबूल करतो. १९९४ साली त्यात गाडीतून पडलेला प्रवासी घेतला. रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हा, नशा, आजारपण असे मोजके अपवाद. मरणाचे १९९७ पासून ४ लाख होते, १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाले.

मग अडतं कुठं? प्रेताच्या खिशात. तिकीट सापडलं नाही, म्हणून हा प्रवासीच नव्हे! सापडलं, तर दारात लटकला होता, म्हणजे स्वतःच इजा करून घेतली. हलगर्जी! १८६१ चा शब्द दीडशे वर्षांनी जनरलच्या डब्यात आमच्याच शेजारी येऊन बसला. अन् लटकते कोण बे? धान कापून झालं की पोट घेऊन शहराकडे निघालेला. त्याच्यासाठी डब्यात पाय ठेवायला जागा नाही, हा हलगर्जीपणा कुणाचा, ते मात्र कुणी लिहीत नाही.

बिहारची एक बाई. तिचा नवरा २००२ साली गर्दीच्या गाडीतून पडून मेला. तिच्या दाव्यावर सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द आला ९ मे २०१८ ला. सोळा वर्षं! कोर्ट म्हणालं, तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा मरत नाही. घरच्यांनी शपथपत्र द्यावं, मग उलट सिद्ध करायचा भार रेल्वेवर. आणि निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून केलेली इजा नव्हे. घोडा जिंकला १८६१ साली. हमालाला एवढं ऐकायला २०१८ उजाडलं.

हे गावोगाव सांगा. मुदत एक वर्षाची आहे, रडण्यात घालवू नका. पंचनाम्यात खिशात काय होतं ते लिहितात. खिसा फाटला होता का, पिशवी कुठं गेली, तेही लिहायला लावा. गाडीत सोबत होता त्याचं शपथपत्र घ्या. तिकीट नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर परत जा.

मी उद्या गोंदियाहून मुंबईला निघतो, जनरलनं. तिकीट काढलं की त्याचा फोटो मायच्या मोबाईलवर टाकतो. ती विचारते, कायले रे?

अजून तिले सांगितलं नाही.