शनिवारचा बाख

कंबोडियातल्या अंकोर वाटच्या देवळांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिएम रीप गावातच, मुलांचं एक मोठं हॉस्पिटल आहे. 2014 च्या डिसेंबरात मी आणि माझी भाची चार दिवस तिथे होतो. आमची टुकटुक रोज त्या फाटकावरून जायची. फाटकापाशी कायम बाया बसलेल्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या मांडीवर, आणि पोराभोवती तो चौकड्यांचा क्रामा गुंडाळलेला. क्रामा म्हणजे तिथलं उपरणं. घाम पुसायला, ऊन अडवायला आणि झोळी करायलाही तेच. गर्दीशेजारी एक फलक होता: शनिवारी संध्याकाळी सेलोवादन, बाख, प्रवेश मोफत.

"मावशी, हॉस्पिटलमध्ये कॉन्सर्ट? जाऊ या ना," भाची म्हणाली. आम्ही गेलो.

हॉस्पिटलच्याच सभागृहात मंचावर एक खुर्ची होती आणि तिच्यावर सेलो घेऊन बसलेला सदुसष्ट वर्षांचा एक धिप्पाड माणूस. तेच त्या हॉस्पिटलचे प्रमुख, डॉ. बेआट रिख्नर. स्वित्झर्लंडचे, झुरिकचे बालरोगतज्ज्ञ. समोर आमच्यासारखेच दिवसभर देवळं हिंडून आलेले प्रवासी. चेंबर म्युझिक म्हणजे आपल्या बैठकीच्या गाण्याच्या जवळचा प्रकार. मोजकी वाद्यं, मोजके श्रोते, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येईल एवढंच अंतर. इथे तर वाद्यही एकच.

मी ख्यालावर वाढलेली. ना तानपुरा, ना तबला, नुसता सेलो कसा ऐकायचा, हे मला पहिली पाच मिनिटं कळेना. मग लक्षात आलं की गज खालच्या तारेला नुसता लागून वर निघून जातो, आणि तो खालचा सूर आपण कानात धरून ठेवायचा असतो. वरचं सगळं त्याच्याच आधारानं चालतं. तानपुरा ऐकू येत नव्हता, पण लागलेला होता. जर्मन संगीतकार बाखच्या, एकट्या सेलोसाठीच्या या सहा रचना साधारण 1720 च्या सुमाराच्या. पुढे कित्येक पिढ्या त्या रियाजापुरत्याच उरल्या होत्या. 1890 मध्ये बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात पुढे नामवंत सेलोवादक झालेल्या, तेव्हा तेरा वर्षांच्या पाब्लो कासाल्सच्या हाती त्यांची प्रत लागली. त्यानं बारा वर्षं त्या घोटल्या आणि मगच लोकांपुढे वाजवल्या.

रिख्नर कासाल्स नव्हते. एखादा सूर खरखरायचा. पण पर्यटकांना रुचेल असं हलकंफुलकं काही त्यांनी निवडलं नव्हतं. समोर कोण बसलंय, त्यांना किती कळतंय, याचा हिशेब न करता ते पुरता बाख वाजवत होते. मला त्यांचं सगळं काम या एका गोष्टीत दिसतं.

मग त्यांनी गज खाली ठेवला आणि ते बोलायला लागले. आवाज चढलेला, इंग्रजी जर्मन वळणाचं. भिंतीपलीकडे मुलं आहेत, डेंग्यूची आहेत, क्षयाची आहेत, आणि एकाही मुलाकडून आम्ही पैसा घेत नाही. तुम्ही तरुण असाल तर रक्त द्या, वय झालं असेल तर पैसे द्या, मधले असाल तर दोन्ही द्या. आर्जव नाही, संकोच नाही. वॉर्डात नर्सनं सलाइनची बाटली मागावी तसं ते मागत होते.

रिख्नर यांच्या हॉस्पिटलांचं नाव कांथा बोफा. राजे नोरोदोम सिहानुक यांची ही मुलगी 1952 मध्ये चार वर्षांची असताना रक्ताच्या कर्करोगानं गेली. तिच्या नावानं नॉम पेन्हमध्ये मुलांचं हॉस्पिटल उभं राहिलं. तरुण रिख्नर तिथे 1974 मध्ये काम करायला आले आणि वर्षभरातच ख्मेर रूजची सत्ता आल्यावर त्यांना देश सोडावा लागला. पुढच्या चार वर्षांत त्या देशात काय झालं ते जगाला माहीत आहे. शिकलेल्या माणसांना वेचून मारलं, डॉक्टर फार थोडे उरले. रिख्नर झुरिकला दवाखाना चालवत होते आणि 'बेआटोचेलो' या नावानं सेलो घेऊन विदूषकी कार्यक्रम करत होते. 1991 मध्ये त्यांना विचारण्यात आलं, ते हॉस्पिटल पुन्हा उभं कराल का? त्यांनी दवाखाना सोडला. पुढच्याच वर्षी कांथा बोफाची दारं उघडली. एकाची पाच हॉस्पिटलं झाली, आणि सिएम रीपचं हे 1999 मध्ये सुरू झालं. त्याला नाव दिलं जयवर्मन सातव्याचं. या राजानं राज्यात 102 आरोग्यशाळा चालवल्याचं ता प्रोह्मच्या देवळातल्या 1186 च्या शिलालेखात नोंदलंय, तेही संस्कृतात. आदल्याच दिवशी आम्ही त्या देवळात वडाएवढ्या झाडांच्या मुळांचे फोटो काढत होतो.

त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती करणारे लहानसहान नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेतल्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं, की एवढ्या गरीब देशाला सीटी स्कॅन कशाला, इतकी महागडी व्यवस्था एका माणसाच्या झोळीवर किती दिवस चालणार? झोळीचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. पण रिख्नर उलट विचारायचे, की गरीब देशातल्या मुलाचा क्षय ओळखायला गरीब दर्जाचं यंत्र पुरतं का? कर्मचाऱ्यांना घर चालेल एवढा पगार ते देत, म्हणजे पेशंटच्या आईपुढे कुणाचा हात पसरला जाऊ नये. या वादात मी त्यांच्या बाजूची आहे. फुकट मिळतंय म्हणून कमी प्रतीचं चालेल, असं आपण आपल्या मुलांच्या बाबतीत कधी म्हणतो का?

त्या संध्याकाळी रिख्नरांच्या बोलण्यात डेंग्यूचं नाव निघालं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. चुलतभावाचा सात वर्षांचा मुलगा असाच पावसाळ्यात आजारी पडला होता. ताप उतरला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, आणि डेंग्यूत धोका असतो तो नेमका तिथूनच. बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, प्लेटलेट घसरतात, हातपाय गार पडतात. रात्री साडेबाराला आमच्या हातात चिठ्ठी दिली आणि सांगितलं, प्लेटलेट आणा. मी आणि भाऊ तीन रक्तपेढ्या फिरलो. पहाटे मिळाल्या. मुलगा वाचला, आता नोकरीला लागलाय. पण त्या फाटकापाशी बसलेली आई कुणाकडे जाणार? तिच्यासाठी रक्ताची पिशवी आधीच आत हवी. शनिवारचा बाख त्यासाठीच होता.

संगीतावर दवाखाना चालवणारे रिख्नर पहिले नव्हेत. बाखवर मोठा ग्रंथ लिहिणारे ऑर्गनवादक आल्बर्ट श्वाइट्झर 1913 मध्ये आजच्या गॅबॉनमधल्या लांबारेनेला दवाखाना काढायला निघाले, तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीनं त्यांच्यासाठी मदतीचा कार्यक्रम केला. सोबत एक पियानोही दिला. दमट हवेत आणि वाळवीत टिकावा म्हणून त्याला आतून जस्ताचा पत्रा मारलेला होता. आपल्याकडे आनंदवनातली कुष्ठमुक्त आणि अपंग माणसं स्वरानंदवनचा वाद्यवृंद घेऊन गावोगाव जातात, त्यांच्या कार्यक्रमाला मी गेलेली आहे. तिथे मंचावरचे आणि ज्यांच्यासाठी पैसा जमतो ते एकच असतात. आनंदवनाचं ते वेगळेपण मला फार मोठं वाटतं.

रिख्नर 2017 मध्ये आजारी होऊन मायदेशी परतले आणि 9 सप्टेंबर 2018 ला गेले. हॉस्पिटलं सुरू आहेत, आणि ती चालवताहेत कंबोडियाचेच डॉक्टर आणि नर्स. त्याआधीच, 2017 मध्ये, सरकारनं अंकोरचं तिकीट वाढवलं तेव्हा प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर कांथा बोफाला द्यायचं ठरवलं. तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी त्यानंतर अंकोरला जाऊन आलं असेल, तर ते दोन डॉलर तुमच्याकडूनही गेलेत.

सोमवारी सकाळी, निघायच्या आधी, आम्ही त्या फाटकातून आत गेलो. मी रक्तदाबाच्या गोळ्या घेते, म्हणून माझ्याकडून पैसेच. भाची बावीस वर्षांची, तिला आत घेतलं. मी दारातून बघत होते. हातात पिळायला मऊ चेंडू, दंडाला पट्टा, आणि खाली पिशवी हळूहळू झुलत होती. कॉरिडॉरमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती, माझ्या भाचीहून जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिच्या मांडीवरचं पोर झोपलं होतं, हाताला सलाइनची सुई चिकटपट्टीनं बसवलेली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं क्राम्याची घडी उलगडून पोराच्या पायांवर घातली आणि मला बसायला थोडी जागा करून दिली.

आत काम संपलं तसं नर्सनं नळी चिमट्यानं बंद केली आणि पिशवीवर चिठ्ठी डकवली. भाचीनं खुणेनं विचारलं, हात लावू का? नर्सनं पिशवी तिच्या तळव्यावर ठेवली.

"मावशी," तिनं आतूनच हाक मारली, "अगं, गरम आहे."