बालवर्गातील संविधान

महाराष्ट्रातील शाळांतून सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका मुलांकडून एका सुरात म्हणवून घेण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. २०१५ पासून २६ नोव्हेंबर हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तर ह्या पठणास उत्सवाचेच रूप येते. ह्या प्रथेविरुद्ध कोणी अवाक्षर काढले की त्याच्या राष्ट्रनिष्ठेचीच शंका घेतली जाते. तो धोका पत्करूनही आम्हांस म्हणणे भाग आहे की, सात-आठ वर्षांच्या मुलांस संविधान शिकविण्याचा हा मार्ग नव्हे. संविधान शिकविले असे समाधान वडीलधाऱ्यांस मिळवून देण्याचा मात्र हा फार सोपा मार्ग आहे.

सबंध उद्देशिका हे एकच वाक्य आहे. ‘सार्वभौम’, ‘अधिनियमित’, ‘स्वतःप्रत अर्पण’ असले शब्द त्यात आहेत. एका शाळेत हे पठण संपताच दुसरीतल्या एका मुलाने विचारले, “बाई, ह्यातले ‘आम्ही’ म्हणजे आपणच का?” त्यास उत्तर मिळाले, “ओळीत नीट उभा राहा!” त्या सबंध परिपाठात संविधान ज्यास खरोखर भिडले असा तो एकच जीव होता, आणि त्यालाच गप्प बसविण्यात आले.

ह्यावर नेहमीचा युक्तिवाद असा की, आपणही लहानपणी रामरक्षा अर्थ न कळताच पाठ केली; अर्थ पुढे आपोआप उलगडतो. पण स्तोत्र म्हणणारा काही मागत असतो, त्यास श्रद्धा पुरते. उद्देशिका म्हणणारा स्वतःच कायदा देणारा आहे. आपण काय देत आहो हे त्यास ठाऊक नको काय? शिवाय उद्देशिकेस स्तोत्राचे रूप द्यावे की नाही हा वाद घटनाकर्त्यांपुढे प्रत्यक्ष आलाच होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामथ ह्यांनी संविधानसभेत सूचना मांडली की आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. मतदान झाले, ४१ विरुद्ध ६८ मतांनी सूचना फेटाळली गेली, आणि कामथ पुढेही त्याच सभेत बसून काम करीत राहिले. ही गोष्ट सात वर्षांच्या मुलास पुरेपूर कळते. मोठी माणसे भांडली, त्यांनी मते मोजली, हरलेला रुसून निघून गेला नाही. ती सांगावयास पाच मिनिटे लागतात. पण परिपाठात तिला जागा नाही.

आता पाठ्यपुस्तके पाहा. आरंभीच्या पानांवर उद्देशिका असते, प्रतिज्ञा असते, आणि संविधानाच्या भाग ४ क मधील मूलभूत कर्तव्ये असतात. मूलभूत हक्क त्या पानांवर नसतात. हक्क संविधानात पहिल्यापासून आहेत आणि त्यांच्यासाठी नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. कर्तव्ये १९७६ साली, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने आली. जे मागाहून आले ते मुलाच्या हाती प्रथम पडते, आणि जे मुळापासून आहे त्यासाठी त्याने वरच्या इयत्तांची वाट पाहावी, हा क्रम कोणत्या शिक्षणशास्त्राने ठरविला? त्यातही गंमत अशी की, २००२ साली भर पडलेले अकरावे कर्तव्य आईबापांसाठी आहे : सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी द्यावी. ते छापले आहे पाल्याच्याच पुस्तकात!

लहान मुलास काय कळते, असे विचारणारांनी अनुच्छेद १५ उघडून पाहावा. त्यात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानाचे घाट आहेत, दुकाने आहेत, रस्ते आहेत. ह्यांतील कोणती वस्तू मुलास अपरिचित आहे? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावास प्रथम अर्थ आला. आणि त्यापायी त्यांच्या लोकांनी मारही खाल्ला. पुढे त्याच डॉक्टरांच्या अध्यक्षतेखाली संविधानाचा मसुदा तयार झाला, आणि विहिरी व तलाव त्यात नावानिशी आले. शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून ही हकीकत सांगितली तर मुले एवढेच विचारतील की, आपल्या गावात असे कोठे आहे काय? खरी अडचण येथेच आहे. उद्देशिका म्हणवून घेणाऱ्या शिक्षकास कोणी काही विचारीत नाही. ही गोष्ट सांगणाऱ्यास मात्र उत्तर द्यावे लागते, आणि मधल्या सुट्टीत कोण कोणापासून दूर बसून जेवतो तेही पाहावे लागते.

असल्या शिक्षणाने मुले उद्धट होतील, हे भय आम्ही ऐकले आहे. ती प्रश्न विचारतील हे खरे, आणि कधी गैरवेळी विचारतील हेही खरे. त्यासाठी शिक्षकास पगार मिळतो.

आमची मागणी अगदी लहान आहे. पुढील आवृत्तीत बालवर्गाच्या पुस्तकातून ते अकरावे कर्तव्य काढून आईबापांच्या सभेत वाचावे, आणि त्या मोकळ्या जागी अनुच्छेद १५ मधील विहिरींची व अनुच्छेद १७ मधील अस्पृश्यतेच्या बंदीची गोष्ट मुलांच्या भाषेत चार ओळींत छापावी. कागद अधिक लागणार नाही.