भाभींचं रामेन, माझं पिठलं

आमच्या बचत गटातल्या एक भाभी मुलाकडे टोकियोला महिनाभर राहून आल्या. परवा मीटिंग संपल्यावर आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती जमलो. "काय खाल्लंत हो तिकडे?" हाच पहिला प्रश्न. मागून कुणीतरी पुटपुटलं, "यांचं हलालचं फार कडक, उपाशीच राहिल्या असतील!"

भाभी हसल्या. "ताई, समोर दिसतं ते टाळणं सोपं. न दिसणारं कठीण." जपानी स्वयंपाकात मिरिन नावाची तांदळाची गोडसर दारू सर्रास पडते, तिच्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल. सोयासॉसमध्येही पुष्कळदा ते असतं. रामेन म्हणजे रश्शातल्या लांब शेवया. त्याच्या एका लोकप्रिय प्रकाराचा रस्सा डुकराच्या हाडांचाच. गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन. मग भाभींनी काय करावं? 'डुक्कर' आणि 'दारू' ही दोन जपानी चित्राक्षरं पाठ केली! दहावीनंतर पुस्तक हाती न धरलेल्या बाई, पण दुकानात पाकीट उलटून वाचल्याशिवाय टोपलीत टाकलं नाही.

सगळ्यांचं सारखंच असतं असंही नाही. त्यांच्या सुनेला कुठल्याही हॉटेलातले मासे चालतात, भाभी मात्र तवा वेगळा आहे का तेही विचारतात.

तिथले दुकानदारही बदललेत. २०१३ मध्ये जपानने मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसा माफ केला, मुसलमान पाहुणे वाढले. आता टोकियोच्या आसाकुसा भागात हलाल रामेन मिळतं, कोंबडीच्या रश्शातलं.

मला खटकतं ते आपलं बोलणं. आपण सहलीला चिवडा, लोणचं, थेपले नेतो, टूरवाल्यांचा स्वयंपाकी सोबत असतो, वर एकादशीला साबुदाणा मागतो. ती आपली सवय. आणि भाभींनी "यात काय घातलंय?" विचारलं की तो कट्टरपणा! अहो, चाखायचं असतं म्हणूनच बाई विचारते ना? नाहीतर घरचा डबा होताच की.

रामेन भुरके मारत खाल्लं तरी तिथे कुणी नावं ठेवत नाही म्हणे. पहिल्या दिवशी भाभी सुनेसमोर लाजल्या, मग सरळ वाडगा तोंडाला लावला.

मी गेल्या वर्षी युरोपला जाऊन आले. पॅरिसमध्ये दोन्ही रात्री पिठलं-भात जेवले.